मागे ‘४’ कोरलेले जर्मन पदक

प्रश्न : जुन्या बाजारात निळ्या फितीचे रुपेरी जर्मन पदक मिळाले. पुढे गरुड, मागे ‘४’. हे शौर्यपदक आहे का? घासून चकचकीत करू का?

उत्तर : हे शौर्यपदक नव्हे, दीर्घसेवापदक. जर्मनीत १९३६ मध्ये ते सुरू झाले : ४ वर्षांच्या लष्करी सेवेला रुपेरी पदक, १२ वर्षांना सोनेरी, १८ वर्षांना रुपेरी क्रॉस, २५ वर्षांना सोनेरी. नकला उदंड आहेत. आकड्याभोवतीची ओकची पाने भिंगातून पाहा. रेषा बोथट, पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसले, तर ओतीव नकलेची शंका घ्या. घासू मात्र नका, वरचा रुपेरी मुलामा निघून जाईल. गरुडाच्या पायांखाली नाझी स्वस्तिक आहे. म्हणून संग्रहात मांडताना त्या राजवटीची माहितीही शेजारी अवश्य लिहा.