वजनाचे माप कसे करावे?

वाशीम जिल्ह्याचे खरिपातील प्रमुख पीक सोयाबीन होय. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांत ते पेरले जाते; परंतु मळणी होताच बहुतेक माल बाजारात जातो व घरच्या स्वयंपाकात त्याचा फारच थोडा अंश येतो. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. असे धान्य ज्या घरी पिकते, त्या घरच्या मुलांच्या ताटातही ते पडावयास हवे.

यात एक साधी अडचण येते. पदार्थांच्या कृती ग्रॅममध्ये सांगितलेल्या असतात आणि घरोघरी तराजू नसतो. मग अंदाजाने जिन्नस घेतले जातात, पदार्थ बिघडतो, तूप-साखर वाया जाते आणि गृहिणी पुन्हा त्या वाटेस जात नाही. वजनाचे मापात रूपांतर करता आले, तर ही अडचण सहज दूर होते.

वजन निराळे, माप निराळे

जिन्नस किती भारी आहे हे वजनावरून कळते; तो किती जागा व्यापतो हे मापावरून कळते. पूर्वी आपल्याकडे धान्य पायलीने मोजीत. ‘शेर’ हा शब्द तर वजन व माप या दोहोंसाठी चाले. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा असे. सन १९५६ च्या कायद्यान्वये १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि वजनासाठी किलोग्रॅम व मापासाठी लिटर अशी दोन स्वतंत्र नावे रूढ झाली. तरीही ‘एक लिटर म्हणजे एक किलो’ हा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो पाण्यापुरताच खरा आहे. पीठ पाण्याहून हलके व मीठ पाण्याहून भारी असते.

पेल्याचा तक्ता

२०० मिलिलिटर पाणी मावणारा पेला सपाट भरला असता त्यात मावणारे वजन अदमासे येणेप्रमाणे असते :

पाणी – २०० ग्रॅम
मीठ – २४० ग्रॅम
तेल किंवा पातळ तूप – १८० ग्रॅम
साखर – १७० ग्रॅम
रवा – १४० ग्रॅम
गव्हाचे पीठ, चाळून सैल भरलेले – १०५ ग्रॅम
सोयाबीनचे पीठ, सैल भरलेले – ८० ग्रॅम

दळण बारीक की जाडे, हवा कोरडी की दमट, यांवरून हे आकडे थोडे बदलतात. म्हणून प्रत्येकीने आपल्या पेल्याचा तक्ता स्वतः करावा. वजन छापलेली बंद पिशवी घरी आली की ती उघडून त्यातील जिन्नस पेल्याने मोजावा. अर्धा किलो रवा साडेतीन पेल्यांपेक्षा किंचित जास्त भरला, तर ५०० ला त्या संख्येने भागावे; एका पेल्यातील रव्याचे वजन कळेल. सुटे पीठ दुकानातील तराजूवर एकदाच तोलून घ्यावे. आलेले आकडे डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावेत.

भरताना तीन गोष्टी पाळाव्यात. पेला नेहमी तोच असावा. पीठ दाबू नये किंवा पेला आपटू नये. तसे केल्यास त्याच पेल्यात पुष्कळ जास्त पीठ मावते. शीग ठेवू नये. सुरीच्या पाठीने माप सपाट करावे.

उदाहरण : सोयाबीनची नानकटाई

कृतीत गव्हाचे पीठ २१० ग्रॅम, सोयाबीनचे पीठ ४० ग्रॅम, साखर १३० ग्रॅम व तूप १३५ ग्रॅम सांगितले आहे असे समजू. कृतीतील वजनास एका पेल्यातील वजनाने भागले की माप मिळते. गव्हाचे पीठ २१० भागिले १०५, म्हणजे २ पेले. सोयाबीनचे पीठ अर्धा पेला. साखर व पातळ तूप प्रत्येकी पाऊण पेला. साखर मोजल्यानंतर दळावी, कारण पिठीसाखरेचे माप निराळे येते.

याउलट, पेला म्हणजे २०० ग्रॅम असे धरून चालल्यास गव्हाचे पीठ सुमारे एकच पेला पडेल, म्हणजे हवे त्याच्या निम्मे. तूप मात्र थोडेच कमी पडेल. असा गोळा भट्टीत पसरून जातो. दोष सोयाबीनचा नसतो. तो मापाचा असतो.

येथे एक सूचना अवश्य ध्यानात ठेवावी. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्य असते. म्हणून सोयाबीनची डाळ उकळत्या पाण्यात २५ ते ३० मिनिटे शिजवावी, उन्हात पूर्ण वाळवावी व मगच दळावी. पोळीसाठी अशी १ किलो डाळ ९ किलो गव्हात मिसळून एकत्र दळून आणावी.

शेतातही हाच हिशेब

सोयाबीनचे बियाणे सर्वसाधारणपणे हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो लागते. एक लिटर सोयाबीन सुमारे ७५० ग्रॅम भरते. त्यामुळे १५ लिटर पाणी मावणाऱ्या डब्यात सुमारे सव्वाअकरा किलोच बियाणे मावते. डबा १५ किलोचा समजून एकरी दोन डबे पेरले, तर साडेबावीस किलोच पडते. चौथा हिस्सा बियाणे कमी पडून रोपे विरळ उगवतात. खतांचेही तसेच. युरिया हलका व पोटॅश भारी असल्याने एकाच घमेल्याने दोन्ही मोजणे चूक होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बचत गटाच्या बैठकीत एक पेला, एक तराजू व चार जिन्नस घेऊन हा प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवावा. एकाच पेल्यातील मीठ व पीठ समोरासमोर तोलून दाखविले की वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तराजू एकदा वापरावा व आकडा लिहून ठेवावा. पुढे घरचा पेलाच तराजूचे काम देईल.