आईचा देश, वडिलांचा देश

शिवनेरी, लेण्याद्री आणि मानमोडी ह्या डोंगरांच्या कुशीत वसलेले जुन्नर हे फार प्राचीन नगर आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळी, कोकणच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून नाणेघाटाने वर येई आणि ह्या नगरात पोहोचे. मालाबरोबर दूरदेशींची माणसेही येत. त्यांतील काही येथेच रमली. जुन्नरच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीत कोरलेले जे लेख आहेत, त्यांत इरिल, चिट आणि चंद अशी तीन नावे आढळतात. हे तिघेही स्वतःस ‘यवन’ म्हणवितात. इरिलाने पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे खडकात खोदलेली टाकी, दान दिली. चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप करविला. चंदाने एका लेण्याचा दर्शनी भाग घडविला. ह्यांचे आईबाप कोण, हे त्या लेखांत नाही. त्यांनी ह्या भूमीला काय दिले, तेवढेच मात्र कोरलेले आहे.

ह्याच पुणे जिल्ह्यात, पुणे शहराजवळच्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, आपल्या काळी असाच एक दूरदेशीचा मनुष्य आला. त्याच्या हाती छिन्नी नव्हती. त्याच्या पायाशी चेंडू होता. त्याचे नाव अराता इझुमी.

इझुमी ह्यांचा जन्म ३१ जुलै १९८२ रोजी जपानमधील शिमोनोसेकी ह्या गावी झाला. हे गाव जपानच्या होन्शू बेटाच्या पश्चिम टोकाशी, समुद्राच्या काठी आहे. त्यांची आई जपानी, तर वडील मूळचे गुजरातचे. म्हणून त्यांना दोन नावे लाभली. जपानमध्ये ते अराता इझुमी. वडिलांकडून मिळालेले त्यांचे नाव नीलकंठ खंभोळजा. पूर्वेकडच्या एका देशाने त्यांना जन्म दिला, भाषा दिली आणि खेळाची गोडी लावली. दुसरा देश मात्र त्यांच्या नावात राहिला होता. तो देश प्रत्यक्ष जोडावयाचा तर त्यासाठी वाट चालणे भाग होते.

ती वाट फुटबॉलची होती. जपानमध्ये व सिंगापूरमध्ये खेळून २००६ साली ते भारतात आले आणि कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघात दाखल झाले. तेथून मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघात आणि २००९ साली पुणे एफसी ह्या संघात त्यांनी प्रवेश केला. पुण्याचा हा संघ तेव्हा नवखा होता. त्याची स्थापना २००७ सालची. परंतु खेळाडूंच्या मेहनतीने तो लवकरच नावारूपास आला. २०१२-१३ च्या आय-लीग स्पर्धेत, म्हणजे त्या वेळच्या भारतातील सर्वांत वरच्या साखळी स्पर्धेत, त्याने दुसरा क्रमांक मिळविला.

इझुमी मध्यफळीत खेळत. फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात. गोलरक्षक जाळ्यापुढे उभा असतो. त्याच्या पुढे बचावफळी आणि सर्वांत पुढे आघाडीची फळी. ह्या दोहोंना जोडणारी ती मध्यफळी. शत्रुपक्षाने चढाई केली की मध्यफळीच्या खेळाडूने मागे धावून बचावास हात द्यावयाचा. चेंडू हाती लागताच, म्हणजे खरे तर पायी लागताच, तो पुढच्या गड्यापर्यंत पोहोचवावयाचा. नव्वद मिनिटांच्या सामन्यात असा खेळाडू सुमारे १० किलोमीटर पळतो. जुन्नरहून लेण्याद्रीला जाऊन परत येण्याइतके हे अंतर झाले! आणि एवढे पळूनही गोल बहुधा दुसऱ्याच्या नावावर लागतो. मध्यफळीचे मोल पुष्कळ वेळा टाळ्यांत मोजले जात नाही. ते जाणकारांच्या ध्यानात येते.

भारताच्या राष्ट्रीय संघाला अशा खेळाडूची गरज होती, आणि इझुमी ह्यांच्या अंगी ती योग्यता होती. परंतु मध्ये एक भिंत उभी होती. ते जपानचे नागरिक होते. भारताचा कायदा आपल्या नागरिकास त्याच वेळी दुसऱ्या देशाचा नागरिक होऊ देत नाही. वडिलांमुळे भारताशी नाते असले, तरी केवळ तेवढ्याने भारताच्या संघात खेळता येत नाही. ज्याच्यापाशी भारताचे पारपत्र आहे, त्यालाच देशाचे प्रतिनिधित्व करता येईल, असे सरकारने २००८ साली ठरविले. जपानचा कायदाही ह्या बाबतीत तितकाच कडक आहे. जो आपण होऊन दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो, त्याचे जपानी नागरिकत्व संपते. थोडक्यात, एक हात धरावयाचा तर दुसरा सोडणे प्राप्त होते.

प्रत्येक देशाचे ह्याविषयीचे नियम सारखे नाहीत. फ्रान्सचे थोर मध्यफळीपटू झिनेदिन झिदान ह्यांचे आईवडील अल्जीरियाचे. १९९८ साली फ्रान्सने विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यात झिदान ह्यांनी दोन गोल केले. बोआटेंग बंधूंची गोष्ट तर त्याहून नवलाची आहे. त्यांचे वडील घानाचे. आई मात्र निरनिराळ्या, दोघीही जर्मन. दोघे भाऊ बर्लिनमध्ये वाढले. २०१० च्या विश्वचषकात जर्मनी आणि घाना ह्यांची गाठ पडली, तेव्हा जेरोम जर्मनीकडून व केविन-प्रिन्स घानाकडून मैदानात उतरला. एका बापाची दोन मुले दोन देशांचे गणवेश घालून समोरासमोर उभी राहिली! त्या दोघांतला कोण खरा आणि कोण खोटा, असे कोणी म्हणावे? दोघेही आपापल्या संघाशी सचोटीने वागले.

इझुमी ह्यांनी २०१२ साली आपला निर्णय केला. जपानचे नागरिकत्व त्यांनी सोडले आणि भारताचे स्वीकारले. हा निर्णय कागदावर एका सहीचा असला, तरी मनाला सोपा नव्हता. ज्या देशात आपण जन्मलो, लहानाचे मोठे झालो, त्या देशात जावयाचे तर परक्याप्रमाणे प्रवेशाची परवानगी मागावी लागणार. शिवाय त्यांचे वय तेव्हा तीस वर्षांचे झाले होते. फुटबॉलपटूच्या आयुष्यात तिशी म्हणजे दुपार कलू लागण्याची वेळ. संघात किती सामने मिळतील, मिळतील की नाही, ह्याची हमी त्यांना कोणीही दिलेली नव्हती. देण्याचे निश्चित होते. मिळण्याचे अनिश्चित होते.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोची येथे भारत आणि पॅलेस्टाइन ह्यांचा सामना झाला. त्या दिवशी इझुमी प्रथमच भारताचा गणवेश घालून मैदानात उतरले. एखाद्या कथेत त्यांनी विजयी गोल केला असता आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले असते. प्रत्यक्षात भारत तो सामना २-४ असा हरला. पुढेही भारतासाठी त्यांना फार सामने खेळावयास मिळाले नाहीत. मग त्यांनी जे सोडले ते व्यर्थ गेले काय? तसे म्हणता येणार नाही. त्याग हा सौदा नव्हे. सौद्यात दिले किती आणि मिळाले किती, ह्याचा हिशेब असतो. त्यागात मनापासून दिले की नाही, एवढेच पाहावयाचे असते.

इझुमी भारतात आणखी काही वर्षे खेळले. कोलकाता, पुणे आणि केरळ येथील संघांकडून ते इंडियन सुपर लीगमध्ये उतरले. खेळणे थांबविल्यावर ते प्रशिक्षक झाले आणि महाराष्ट्रातच, नवी मुंबई येथे, रिलायन्स फाउंडेशनच्या संघातील कुमारवयीन खेळाडूंना शिकवू लागले. महिंद्र युनायटेड आणि पुणे एफसी हे त्यांचे दोन्ही जुने संघ काळाच्या ओघात बंद पडले. त्यांनी शिकविलेली मुले मात्र पुढे खेळत राहिली. त्यांनी दाखविलेली वाटही ओसाड पडली नाही. २०२५ साली ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्स ह्या खेळाडूने त्या देशाचे नागरिकत्व सोडून भारताचे स्वीकारले. त्याच्या आईचे घराणे मुंबईचे.

मनुष्य कोठे जन्मावा, कोणाच्या पोटी जन्मावा, हे त्याच्या हाती नसते. आपला जन्म ज्या भूमीत झाला तिच्यावर प्रेम करणे स्वाभाविक आहे. परंतु जी भूमी आपण निवडली तिच्यासाठी घाम गाळणे हे कर्तृत्व आहे. जुन्नरच्या डोंगरात पोढी खोदविणारा इरिल परका होता की आपला, हा प्रश्न तिचे पाणी पिणाऱ्या तहानलेल्या वाटसरूला पडला नसेल.

स्वाध्याय

१. जुन्नरच्या लेण्यांतील तीन यवनांनी कोणकोणती दाने दिली?
२. मध्यफळीच्या खेळाडूचे काम आपल्या शब्दांत सांगा.
३. ‘एक हात धरावयाचा तर दुसरा सोडणे प्राप्त होते,’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. ‘त्याग हा सौदा नव्हे.’ इझुमी ह्यांच्या उदाहरणाने हे विधान स्पष्ट करा.
५. दुसऱ्या गावाहून येऊन तुमच्या गावासाठी झटणाऱ्या एखाद्या व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा.