बोलीच्या सर्वेक्षणातील प्रश्न : उत्तर सुचविणाऱ्या प्रश्नावलीचा विचार

बोलींवरील प्रबंधांच्या शेवटी परिशिष्ट म्हणून प्रश्नावली जोडलेली असते. मार्गदर्शक आणि परीक्षक तिच्याकडे सहसा वळत नाहीत. वस्तुतः प्रश्नच सदोष असतील, तर पुढील विश्लेषण कितीही काटेकोर असो, ते बोलीचे न राहता प्रश्नकर्त्याच्या प्रमाणभाषेचे होते.

'तुमच्याकडे सासूला काय म्हणतात?' हा नेहमीचा प्रश्न पाहावा. उत्तर प्रश्नातच आहे. निवेदक काहीसा गोंधळून 'सासूच' म्हणतो. 'नवऱ्याच्या आईला हाक कशी मारता?' असे विचारल्यास 'आत्याबाई' आणि सासऱ्यांबाबत 'मामंजी' अशी संबोधने मिळू शकतात. आते-मामे भावंडांतील विवाहाच्या चालीशी त्यांचा असलेला संबंध मग अभ्यासकाला वेगळा सांगावा लागत नाही. समोर हाक मारण्याचा शब्द आणि तिऱ्हाइताजवळ उल्लेख करण्याचा शब्द मात्र निरनिराळे विचारले पाहिजेत. दोन्ही एका प्रश्नात कोंबले की कशाचे उत्तर मिळाले हे नंतर कळत नाही.

व्याकरणिक रूपांबाबत अडचण अधिक खोल आहे. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणासाठी बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर सर्वत्र मागविले. तीनही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळ त्यात येतात, हे त्या निवडीचे कारण. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या सातव्या खंडात असे नमुने आहेत. तुलनेला ते सोयीचे खरे. परंतु भाषांतरात मूळ वाक्याची ठेवण झिरपतेच. ग्रिअर्सन यांनाही याची जाण असावी, कारण भाषांतराखेरीज स्थानिक कथनाचा स्वतंत्र नमुना आणि शब्द-वाक्यांची यादीही त्यांनी मागविली होती. आपल्याकडील अनेक विद्यार्थी यादी तेवढी उचलतात आणि कथन सोडून देतात!

'मी भाकरी खाल्ली, हे तुमच्या बोलीत सांगा' असे म्हटले की निवेदक सावध होतो. 'म्या' हे रूप त्याच्या तोंडी असले, तरी शिकलेल्या माणसापुढे ते येईलच असे नाही. त्यापेक्षा 'काल सकाळपासून काय काय केलेत?' असे विचारून मध्ये न बोलता ऐकावे. विशिष्ट रूपच हवे असेल, तर कृती दाखवावी व काय घडले ते सांगावयास लावावे. डेक्कन कॉलेजने मराठी बोलींच्या अलीकडील सर्वेक्षणात लहान चित्रफिती वापरल्या, त्या याच कारणासाठी.

'तुम्ही शुद्ध बोलता की गावठी?' हा प्रश्न तर विचारूच नये. त्यातून बोली कळत नाही, निवेदकाला वाटणारी लाज तेवढी कळते. 'तुमची मातृभाषा कोणती?' हा प्रश्न वरकरणी निरुपद्रवी भासतो. पण धुळ्याकडील अहिराणी बोलणारा त्याला 'मराठी' असे उत्तर देऊ शकतो, आणि ते खोटेही नसते. १९०१ च्या जनगणनेत नेहमीच्या वापरातील भाषा विचारली गेली, १९७१ मध्ये आई बालपणी जी भाषा बोलत असे ती. या दोन प्रश्नांची उत्तरे एका माणसाकडूनही भिन्न येऊ शकतात. मग दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी मांडून एखादी बोली वाढली वा घटली असे कसे म्हणावे?

प्रश्नावली प्रथम त्याच गावातील तीन-चार जणांवर तपासावी. न समजलेला प्रश्न त्यांनी आपसांत ज्या शब्दांत फिरवून विचारला, ते शब्द टिपून घ्यावेत आणि अंतिम प्रश्न त्याच शब्दांत लिहावा. परिशिष्टात प्रश्न छापावयाचा तो प्रत्यक्ष विचारला तसाच, नंतर सुधारलेला नव्हे.