पांढऱ्या पेशींची ओळख : रक्ताचा रिपोर्ट समोर ठेवून

डेंग्यूची साथ आली की वस्तीत घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "त्याच्या पेशी कमी झाल्या." मग कोणी पपईच्या पानांचा रस आणतो, कोणी महागडी फळे आणतो, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण सांगून जातो, "प्रतिकारशक्ती वाढवा." या बोलण्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. डेंग्यूत ज्या पेशींची काळजी केली जाते त्या प्लेटलेट्स, म्हणजेच रक्तबिंबिका होत. रक्त गोठवणे हे त्यांचे मुख्य काम. रोगजंतूंचा बंदोबस्त करणाऱ्या पेशी वेगळ्या, आणि त्यासुद्धा एका जातीच्या नाहीत.

"शक्ती" या शब्दानेच खरा घोटाळा केला आहे. शक्ती म्हटले की टाकीतल्या पाण्यासारखी ती एकच वस्तू आहे, कमी झाली की वरून ओतायची, असे वाटू लागते. औषधांच्या दुकानात याच समजुतीवर रंगीत बाटल्या खपतात. कुपोषित मुलाच्या पेशी दुबळ्या पडतात हे खरे आहे. पण त्यावरचा उपाय पोटभर जेवण, डाळ, अंडी, भाजी हा आहे, तीनशे रुपयांची बाटली नव्हे. शरीरात जे आहे ते निरनिराळी कामे वाटून घेतलेल्या पेशींचे एक जाळे आहे. त्यातील कोणती पेशी काय करते हे समजले, तर डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येतो. विद्यार्थी मित्रांनी हा विषय केवळ परीक्षेपुरता न ठेवता घरातला रक्ताचा जुना रिपोर्ट काढून समोर ठेवावा. "सीबीसी" असे लिहिलेला तो कागद म्हणजेच आपला आजचा धडा.

त्या कागदावर तीन मोजण्या असतात. एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे एका थेंबाच्या सुमारे पन्नासाव्या भागात, तांबड्या पेशी साधारण ४० ते ५५ लाख, प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख, आणि पांढऱ्या पेशी अवघ्या ४,००० ते ११,०००. तिन्हींचा जन्म हाडांच्या आतील मऊ मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत होतो. पांढऱ्या पेशी संख्येने किती थोड्या आहेत ते पाहा. मात्र त्यांपैकी बऱ्याचशा रक्तात राहतच नाहीत. रक्त हा त्यांचा रस्ता आहे. काम करण्याची ठिकाणे दुसरीच आहेत.

त्याखाली "डिफरन्शिअल काउंट" या मथळ्याखाली पाच नावे व त्यांची टक्केवारी असते. पहिले नाव न्यूट्रोफिल. निरोगी माणसात शंभर पांढऱ्या पेशींपैकी ४० ते ७५ या असतात. पायात काटा रुतला, जागा लाल झाली, ठसठसू लागली आणि दोन दिवसांनी पू झाला, हा अनुभव सर्वांना आहे. तो पू म्हणजे मुख्यत्वे मेलेल्या न्यूट्रोफिल पेशी. जखमेतून जंतू शिरताच त्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढून बाहेर येतात, जंतूंना गिळतात आणि स्वतःही मरतात. त्यांचे आयुष्य काही तासांचे, फार तर काही दिवसांचे. म्हणून अस्थिमज्जेला दररोज सुमारे दहा हजार कोटी नव्या न्यूट्रोफिल तयार कराव्या लागतात. गळू झाले, न्यूमोनिया झाला की रिपोर्टातला हा आकडा वर जातो. कर्करोगाच्या काही औषधांनी तो फार खाली येतो. अशा रुग्णाला साधा तापही धोक्याचा असतो, म्हणून त्याला गर्दीपासून जपावे लागते.

पेशी जंतूंना खातात हे ओळखले ते इल्या मेचनिकोव या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ साली तो इटलीतील मेसिना येथे समुद्रातील तारामाशांच्या पिलांचा अभ्यास करीत होता. ही पिले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांच्या अंगात त्याने बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला! आपल्या पायातल्या काट्याभोवती जे घडते तेच त्याने डोळ्यांनी पाहिले. पुढे १९०८ साली त्याला पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. रिपोर्टातील चमत्कारिक नावांशी एर्लिकचाही संबंध आहे. त्याने पेशींना रंग देऊन त्यांचे प्रकार पाडले. इओसिन नावाचा गुलाबी रंग जी उचलते ती इओसिनोफिल.

या इओसिनोफिल पेशी एक ते सहा टक्के असतात. पोटात जंत असले, हत्तीरोगाचे कृमी असले किंवा ॲलर्जीचा दमा असला तर त्या वाढतात. बेसोफिल तर एखाद टक्काच. त्यांच्यावर अधिक वेळ घालवण्याचे आपल्याला कारण नाही.

मोनोसाइट हे नाव मात्र नीट लक्षात ठेवावे. ही पेशी रक्तातून बाहेर पडून फुप्फुस, यकृत, प्लीहा अशा अवयवांत जाऊन मुक्काम करते आणि मोठी होते. तिला मग महाभक्षक पेशी म्हणतात. न्यूट्रोफिल धावून येणारी, तर महाभक्षक पेशी घर करून राहणारी. जंतू, मेलेल्या पेशी, झिजलेल्या तांबड्या पेशी, सारे ती गिळते. पण क्षयाचा जंतू तिच्यावरही मात करतो. ती त्याला गिळते खरी, पण पचवू शकत नाही. उलट तो तिच्याच पोटात बिऱ्हाड करतो. त्याला मारायचे तर तिला दुसऱ्या पेशीची मदत लागते. ती कोणती, हे पुढे येईल.

खालच्या थरांत आणखी एक पेशी असते, ती या रिपोर्टात दिसत नाही. तिला झाडासारख्या फांद्या असतात, म्हणून तिला शाखापेशी म्हणू. त्वचेत जंतू सापडला की त्याचा तुकडा घेऊन ती जवळच्या लसिका ग्रंथीत जाते आणि तेथील पेशींना तो दाखवते. तुकडा दाखवणे हे काम साधे वाटते, पण त्यावाचून पुढचे काहीच नीट सुरू होत नाही. १९७३ साली राल्फ स्टाइनमन यांनी झान्विल कोहन यांच्यासोबत तिचे वर्णन केले. २०११ साली स्टाइनमन यांना नोबेल जाहीर झाले, तेव्हा त्यांचे निधन होऊन तीन दिवस झाले होते आणि समितीला त्याची कल्पना नव्हती.

लसिका ग्रंथी आपल्याला परक्या नाहीत. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, घसा बिघडला की जबड्याखाली गाठ लागते. ती गाठ म्हणजे जागी झालेली, पेशींनी फुगलेली लसिका ग्रंथी. पिसू पायाला चावली की प्लेगचा जंतू याच वाटेने जांघेतल्या ग्रंथीत पोचतो. म्हणून त्याला गाठीचा प्लेग म्हणत. १८९६ साली मुंबईत ही साथ आली तेव्हा मेचनिकोवचाच शिष्य वाल्डेमार हाफकिन तेथे आला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्रयोगशाळेत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचे त्याच रोगाने निधन झाले.

लस कोणाच्या जोरावर काम करते? रिपोर्टातील पाचव्या नावाच्या, लिम्फोसाइटच्या. या २० ते ४० टक्के असतात. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या सारख्याच गोल व लहान दिसतात, त्यामुळे त्यांच्यात भेद आहे हे कळायला फार काळ गेला. कोंबडीच्या शेपटीजवळ बर्सा नावाची एक पिशवी असते. ती काढून टाकलेल्या कोंबड्यांत प्रतिद्रव्ये तयार होत नाहीत, हे १९५६ साली अमेरिकेत ब्रूस ग्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. बर्सातल्या त्या बी पेशी. माणसाला बर्सा नाही. आपल्या बी पेशी अस्थिमज्जेतच तयार होतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. ती निरुपयोगी समजली जाई. १९६१ साली जॅक मिलर यांनी तिचे महत्त्व सिद्ध केले. तेथे तयार होणाऱ्या त्या टी पेशी.

या दोन्हींची रीत भक्षक पेशींहून वेगळी आहे. प्रत्येक लिम्फोसाइट जणू एकाच कुलपाची किल्ली घेऊन जन्मते. कोणता जंतू येणार हे ठाऊक नसताना शरीर कोट्यवधी निरनिराळ्या किल्ल्या आधीच करून ठेवते. त्यांत स्वतःच्या शरीरालाच लागू पडणाऱ्या किल्ल्याही असतात. म्हणून थायमसमध्ये टी पेशींची कडक परीक्षा होते आणि बहुसंख्य पेशी तेथेच मरतात. जंतू आला आणि एखादीची किल्ली बसली, की ती पेशी दुभंगत दुभंगत हजारो होते. याला पाच-सात दिवस लागतात. विषाणूचा साधा ताप बहुधा आठवडाभरात का उतरतो, ते यावरून ध्यानात येईल.

बी पेशी प्रतिद्रव्ये सोडतात. ती जंतूला चिकटून त्याला भक्षकांच्या तोंडी देतात. टी पेशींत दोन मुख्य गट. मारक टी पेशी विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशींना मारतात. साहाय्यक टी पेशी स्वतः कोणाला मारत नाहीत. त्या इतरांना कामाला लावतात. क्षयाचा जंतू पोटात घेऊन अडकलेल्या महाभक्षक पेशीला हवी असलेली मदत ती हीच. एचआयव्हीचा विषाणू नेमक्या या साहाय्यक पेशी नष्ट करतो. त्यांची मोजणी म्हणजे "सीडी फोर काउंट". निरोगी माणसात तो साधारण ५०० ते १,५०० असतो. २०० च्या खाली गेला की दबून बसलेला क्षय सहज डोके वर काढतो. २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळणाऱ्या गोळ्यांनी विषाणू दबतो आणि हा आकडा पुन्हा चढू लागतो.

जंतू गेल्यावर वाढलेल्या पेशींतील काही मागे राहतात, त्या स्मृतिपेशी. त्यांची आठवण किती टिकते? उत्तर अटलांटिक समुद्रातील फेरो बेटांवर १७८१ साली गोवर आला होता. पुढे ६५ वर्षे तो तेथे फिरकला नाही. १८४६ साली पुन्हा आला तेव्हा सुमारे पावणेआठ हजार वस्तीतले सहा हजारांवर लोक आजारी पडले. पण १७८१ साली ज्यांना गोवर होऊन गेला होता अशा म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाल्याचे तपास करणाऱ्या पानुम या डॉक्टरला आढळले नाही.

ही स्मृती ध्यानात ठेवली की आणखी दोन रिपोर्ट कळतात. टायफॉइडची विडाल टेस्ट प्रतिद्रव्ये पाहते. तापाच्या दुसऱ्या दिवशी केली तर ती उगवलेलीच नसतात, आणि जुना टायफॉइड असेल तर आज दुसराच ताप असूनही ती सापडू शकतात. एकट्या विडालवर भिस्त ठेवू नये, असे जाणते डॉक्टर म्हणतात ते यासाठीच. क्षयासाठी हातावर टोचतात ती माँटू टेस्ट टी पेशींची आहे. त्यांना गोळा व्हायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन दिवसांनी जागा पाहायला बोलावतात. तेथे गाठ आली म्हणजे क्षय झालाच असे नाही. टी पेशींची त्या जंतूशी, किंवा बीसीजीच्या लसीशी, पूर्वी भेट झाली आहे एवढाच त्याचा अर्थ.

आता ज्या घरांसाठी हे सारे मुख्यतः लिहिले त्यांच्याकडे येऊ. विदर्भात आदिवासी बांधवांत, तसेच आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांत सिकलसेल आहे. हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. त्याचा पांढऱ्या पेशींशी काय संबंध, असे वाटेल. संबंध प्लीहेतून येतो. प्लीहा, म्हणजे पाणथरी, रक्त गाळणारी चाळणी आहे. तेथे महाभक्षक आणि बी पेशींचा मोठा तळ असतो. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी तिच्या अरुंद वाटांत अडकतात आणि लहान वयापासूनच ती निकामी होत जाऊ शकते. न्यूमोकॉकस नावाच्या जंतूवर गुळगुळीत आवरण असते. प्रतिद्रव्य चिकटल्याशिवाय भक्षकांना तो नीट धरता येत नाही. त्याला रक्तातून काढण्याचे काम मुख्यतः प्लीहेचे. ती नसली तर हा जंतू काही तासांत मुलाचा जीव घेऊ शकतो.

आणि अशा एसएस मुलाचा रिपोर्ट पाहिला तर? ताप नसतानाही पांढऱ्या पेशी बारा हजारांच्या वर असणे नवल नाही. कागदावर पेशी भरपूर, आणि संरक्षण मात्र उघडे पडलेले. "पेशी वाढल्यात, म्हणजे शक्ती चांगली" असे समजून आईबापांनी स्वस्थ बसण्याचा धोका येथेच आहे.

यावर ठोस उपाय आहेत. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सिकलसेलच्या लहान मुलांना रोज तोंडाने पेनिसिलिन दिले, तेव्हा न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. तेव्हापासून पाच वर्षांपर्यंतच्या एसएस मुलांना हे औषध देण्याची शिफारस आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावे आणि मूल बरे दिसते म्हणून मध्येच बंद करू नये. न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे. तिचे दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने असे तीन डोस असतात. एसएस मुलांना याशिवाय पुढे आणखी लस लागते, ती विचारून घ्यावी. वाहक, म्हणजे एएस मुलांना हा धोका सहसा नसतो. एसएस मुलाला १०१ अंशांच्या वर ताप आला तर काढा, अंगारा किंवा सकाळची वाट पाहणे नको. रात्र असली तरी दवाखान्यात न्यावे. सिकलसेलचे कार्ड किंवा जुना रिपोर्ट सोबत घ्यावा, आणि केस पेपर काढतानाच सांगावे की मूल एसएस आहे.