सहलीच्या वाटेवरील पाणथळ

कुटुंबासह प्रवासाला निघालेल्या पक्षिप्रेमी माणसापुढे नेहमी एक पेच असतो. सहलीचा कार्यक्रम किल्ले, मंदिरे आणि बाजार यांना अनुसरून आखलेला असतो. पक्ष्यांचा दिनक्रम मात्र अन्न, पाणी आणि ऊन-सावली यांवर ठरतो. या दोहोंचा मेळ घालता आला, तर वेगळा प्रवास न करताही पक्षिनिरीक्षण व छायाचित्रण उत्तम साधते. त्यासाठी प्रसिद्ध स्थळांची यादी पाठ करण्यापेक्षा चांगले स्थळ कसे ओळखावे, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे ठरते.

आग्रा, फत्तेपूर सिक्री आणि जयपूर या नेहमीच्या सहलीचे उदाहरण घेता येईल. याच वाटेवर, आग्र्यापासून सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर, राजस्थानातील भरतपूर शहराला लागून केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम २९ चौरस किलोमीटर आहे. तरीही तेथे साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे.

एवढ्याशा जागेत इतके वैविध्य येते, याचे कारण तेथील उथळ पाण्यात आहे. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळी अजान बांध घातला गेला. तेथे साठलेले पाणी या सखल प्रदेशात सोडले जाते आणि लहान लहान बांधांमुळे ते निरनिराळ्या खोलीच्या भागांत विभागले जाते. प्रत्येक खोलीचा धनी वेगळा असतो. काठच्या चिखलात शेकाट्या चोच खुपसत हिंडतो. गुडघाभर पाण्यात चित्रबलाक उघडी चोच बुडवून मासे चाचपतो. तरंगत्या पानांवरून कमळपक्षी चालतो. खोल पाण्यात पाणकावळा व तिरंदाज बुड्या मारतात. म्हणून कोणत्याही अनोळखी गावी निरीक्षकाने प्रथम उथळ पाणी, चिखलाचा काठ आणि जवळची जुनी झाडे ही तीन एकत्र कोठे आढळतात, हे पाहावे. गावतळे, कालव्याची गळती किंवा भाताचे खाचरसुद्धा या कसोटीला उतरू शकते. भरतपूरच्या आसपासच्या शेतांत सारसांची जोडी दिसते, ती याच कारणाने.

स्थळानंतर ऋतूचा विचार येतो. पाऊस चांगला झाला, की बाभळींवर चित्रबलाक, पाणकावळे व बगळे यांची दाट वसाहत उभी राहते. दिवाळीच्या सुट्टीत तेथे पिल्लांचा कलकलाट ऐकू येतो. हिवाळ्यात उत्तरेकडून हंस व बदके उतरतात. पट्टकादंब हंस, चक्रवाक आणि थापट्या यांची भेट नाताळच्या सुट्टीत होऊ शकते. मात्र ऐन थंडीत या भागात दाट धुके पडते आणि सकाळी उशिरापर्यंत छायाचित्रे घेता येत नाहीत. मे महिन्यात पाणी आटते. तरी उरलेल्या डबक्यांभोवती स्थानिक पक्षी गोळा होतात.

कुटुंबाच्या वेळापत्रकात येथे थोडासाच बदल पुरतो. अनेक प्रवासी सिक्रीहून जयपूरला जाताना भर दुपारी उद्यानात डोकावतात आणि निराश होऊन परततात. त्याऐवजी भरतपूरला मुक्काम करून सूर्योदयाला आत जावे. उद्यानाच्या मुख्य भागात मोटारी नेता येत नाहीत; पायी, सायकलने किंवा रिक्षाने फिरता येते, आणि तेथील रिक्षाचालकांपैकी अनेकजण पक्ष्यांचे चांगले जाणकार असतात. पाच ठिकाणी घाईने थांबण्यापेक्षा एकाच बांधावर अर्धा तास शांत बसावे. मुलांकडे दुर्बीण देऊन एकाच पक्ष्याच्या हालचाली मोजण्यास सांगितले, तर त्यांना कंटाळा येत नाही. छायाचित्रकाने सकाळी पाण्याच्या पूर्वेकडील काठावर राहावे, म्हणजे सूर्य पाठीशी येतो आणि पक्षी पूर्ण उजेडात दिसतो. शक्यतो कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला आणावा. दहा वाजेपर्यंत हे सारे आटोपते आणि सिक्रीसाठी दिवस शिल्लक राहतो.

छायाचित्राच्या मोहाला मर्यादाही हवी. वसाहतीत चित्रबलाकाची जोडी पिल्लांवर पंख पसरून त्यांना उन्हापासून जपते. माणूस फार जवळ गेला, की मोठे पक्षी उडतात. पिल्ले उन्हात होरपळतात आणि कावळ्यांना संधी मिळते. घरट्याजवळ जाणे, फांद्या बाजूला सारणे किंवा ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्ष्याला भुलवणे कटाक्षाने टाळले पाहिजे. पक्षी खाणे थांबवून मान ताठ करून पाहू लागला, की आपण फार जवळ आलो, असे समजावे आणि मागे सरावे.

केवलादेव मंदिराजवळच्या शिलालेखावर पूर्वीच्या शिकारींचे आकडे कोरलेले आहेत. त्यांपैकी १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसाचा आकडा ४,२७३ आहे. पुढे बंदुका थांबल्या; १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. तरीही केवळ संरक्षणाने सर्व काही टिकले नाही. दरवर्षी हिवाळ्यात येणारा सायबेरियन क्रौंच २००१-०२ च्या हंगामानंतर येथे दिसलेला नाही. त्यानंतरच्या काही वर्षांत पाऊस कमी झाला, पाचना धरणाचे पाणी पुरेसे मिळाले नाही आणि तळी कोरडी पडली. पुढे चंबळचे पाणी नळमार्गाने आणण्याची व्यवस्था करावी लागली.

यावरून प्रवाशाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुस्तकात नाव आहे म्हणून त्या ठिकाणी पक्षी असतीलच, असे नाही. पाणी असेल तर पक्षी असतील. निघण्यापूर्वी त्या वर्षीच्या पाण्याची चौकशी करावी. अशी चौकशी करणारा माणूस पुढे आपल्या गावच्या तळ्याचीही विचारपूस करू लागतो, आणि सहलीचा खरा लाभ तेथेच पदरी पडतो.