भांग बघा, मग भाव करा

सुरमईच्या नादाने आम्ही ठाणे-डोंबिवलीचे पाच मित्र पहिल्यांदा समुद्रात गेलो ते कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी. सगळ्यांची सुट्टी जुळत होती, नाव मोकळी होती, आगाऊ पैसे देऊन टाकले. पाणी चहासारखं गढूळ. पांढरं नकली आमिष हातभर खाली गेलं की दिसेनासं व्हायचं. जे आपल्याला दिसत नाही ते सुरमईला तरी कुठून दिसणार? आठ तासांत दोन शिंगाळे लागले. नाववाल्याने तिथीबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नव्हतं.

म्हणून खर्चाच्या आधी तिथी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाण्याला ओढ जबरदस्त, तळाचा गाळ वर येतो. अष्टमीपासून दशमी-एकादशीपर्यंत भांग असतो. ओढ मंदावते, पाणी निवळतं. नकली आमिषाने मासा पकडायचा तर हेच दिवस धरावेत. याचा आणखी एक फायदा खिशाला होतो. डोलीच्या जाळ्याला जोराचा प्रवाह लागतो, त्यामुळे डोलीवर जाणारी माणसं भांगात बरीचशी मोकळी असतात. जाणता तांडेल तेव्हाच मिळतो आणि भावही नीट बोलता येतो.

भरतीची वेळ काढायला कालनिर्णय पुरतं. तिथीला पाऊणने गुणा, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सकाळी सहा. पहाटे नाव भरल्या पाण्यावर निघते. दुपारी परतताना ओहोटी असली तरी भांगात पाणी फार उतरत नाही, चिखल थोडाच तुडवावा लागतो. जुन्या चपला न्या.

आता जायचं कुठे? आमचं ठिकाण अलिबागजवळचं थळ. समोर साधारण पाच किलोमीटरवर खांदेरी आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. खांदेरीच्या आसपास खडकाळ तळ असतो तिथे हेकरू आणि तांबोशी हे मासे आसरा धरून असतात. डोंबिवली-कल्याणहून काटई नाका, शीळफाटा, तळोजा, पनवेल, पेण, वडखळ; ठाण्याहून मुंब्रा बायपासने शीळफाट्यालाच मिळायचं. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर धरा. रो-रो आणि लाँच सोयीच्या आहेत, पण पहाटे साडेपाचला धक्क्यावर उभं राहायचं तर रात्री अडीचला स्वतःची गाडी काढण्याला पर्याय नाही.

नावेचं भाडं 'दिवसाचे किती?' असं विचारू नका. इंधन किती लिटर, पाण्यावर तास किती आणि माणसं किती, हे वेगवेगळं विचारा. पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन पूर्ण वेगात ४० अश्वशक्तीला तासाला साधारण १५ लिटर पितं, बेताच्या वेगात दहाच्या आसपास. खांदेरीपर्यंत जाणं-येणं आणि तीन तास गळ ओढत फिरणं, असं मिळून वीस-पंचवीस लिटर होतात. लिटरला १०४ रुपये धरले तर २,६०० रुपये. त्यावर तांडेल आणि खलाशाची मजुरी, नावेची झीज, मालकाचा नफा. गेल्या खेपेला आम्ही ९,००० दिले आणि ते रास्त वाटले. ११५ अश्वशक्तीची दोन इंजिनं असलेली स्पोर्ट बोट पूर्ण वेगात तासाला ८५ लिटरच्या पुढे जाते. तिचा भाव तिप्पट सांगितला तर ती लूट नव्हे. मात्र पहिल्या फेरीला तिची गरजही नाही.

पाच जणांचा हिशेब असा झाला: गाडीचं पेट्रोल १,५००, टोल आणि पार्किंग २००, नाव ९,०००, बर्फ आणि कोळंबीचं आमिष ८००, नाश्ता-जेवण १,५००, खडकात अडकून तुटलेली आमिषं १,०००. एकूण १४,०००, म्हणजे माणशी २,८००.

रॉड-रीलचा खर्च यात नाही. नवशिक्याचा बरा जोड साडेतीन-चार हजारांपासून मिळतो. पहिल्यांदा मित्राकडून मागून न्या. दोऱ्याच्या टोकाला स्टीलची तार मात्र स्वतःची घ्या. सुरमई लागली की रील किंचाळल्यासारखं वाजतं, अंगठा ठेवलात तर चटका बसतो, आणि मग एकदम सगळं सैल पडतं. दोरा ओढून बघावा तर टोक कात्रीने कापल्यासारखं सरळ असतं. शंभर रुपयांची तार वाचवायला जाऊन हजाराचं आमिष गमावण्यासारखं वाईट दुसरं काही नाही.

काटकसर कशात करू नये, तेही सांगतो. मासेमारी नौकेची नोंदणी मत्स्यव्यवसाय खात्याकडे असते; प्रवासी नेण्याचा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाचा असतो. दोन-तीन हजार वाचतात म्हणून प्रवासी परवाना नसलेल्या नावेत बसू नका, अपघात झाला तर विम्यासाठी दाद मागणं कठीण होतं. माणशी एक लाइफ जॅकेट नावेत असलं पाहिजे आणि ते अंगावर बांधलेलं असलं पाहिजे. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या वाटेवरच्या नीलकमल प्रवासी बोटीच्या अपघातात काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आधार कार्ड जवळ ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक घरच्यांनाही देऊन ठेवा. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्या. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आदल्या संध्याकाळी बघा. वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत की पुढची तारीख, हे पैसे देण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, त्या काळात कुणी नेतो म्हणाला तरी जाऊ नका. फेब्रुवारीनंतर दुपारी वायव्येचा वारा चढतो, तेव्हा बाराच्या आत परत फिरलेलं बरं.

माशाचा वाटाही निघण्याआधीच बोलून घ्या. आम्ही पहिला मोठा मासा तांडेलाच्या घरी देतो. राज्याने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. सुरमईची ३७० मिलिमीटर आहे. त्याहून लहान लागली तर ओल्या हाताने धरून गळ काढायचा आणि पाण्यात सोडायची. मोजपट्टी नावेच्या फळीवर चिकटवून ठेवली की वाद होत नाही.

एवढी तयारी झाली की फोन लावा आणि पहिला प्रश्न हाच विचारा, "नाखवा, भांग कधी लागतोय?" ज्याला उत्तर देताना कॅलेंडर बघावं लागत नाही, त्याची नाव घ्या.