बाळंतिणीची वही

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गेल्या काही महिन्यांत आपल्या परिवारात चार-पाच घरी पाळणा हलला. आम्ही सगळीकडे जाऊन आलो. बाळाला अंगडं-टोपडं दिलं, डिंकाचे लाडू दिले, मावा जिलेबी खाल्ली. प्रत्येक घरात तेच प्रश्न विचारले. वजन किती भरलं? कुणावर गेलंय? रात्री झोपतं का? घरी आल्यावर लक्षात आलं, की बाळंतिणीला आम्ही एकच गोष्ट विचारली होती, "दूध येतंय ना?"

रोज थोडा वेळ स्वतःजवळ बसावं, ही आपली साधनेतली पहिली शिकवण. पण जिला आंघोळीला निवांत दहा मिनिटं मिळत नाहीत, तिने ध्यानाला कधी बसायचं? तिच्यासाठी एक सोपा मार्ग आहे, वही. आजचा पाठ त्याच्यावर.

*आधी आमच्याच घरची चूक*

दोन वर्षांपूर्वी आमच्या सूनबाई बाळंत झाल्या. उशीखाली एक छोटी वही असायची. बाळ झोपलं की चार ओळी लिहायच्या. एक दिवस अंथरूण झटकताना ती वही पडली, उघडी पडली, आणि आम्ही दोघी नणंदा-भावजयांनी ती वाचली. लिहिलं होतं, "सगळे बाळाला बघायला येतात. मला कुणी बघत नाही."

आम्हाला फार लागलं. सव्वा महिना शेक-शेगडी आम्ही केली, मालिशवाली लावली, रात्रीचं उठलो, आणि वर हे? आम्ही बोललो काही नाही, पण तोंड उतरलेलं लपत नाही. सूनबाईंना कळलं. वही बंद झाली. त्यानंतरचे बारा-तेरा दिवस त्या फक्त "हो" आणि "नाही" एवढंच बोलायच्या.

शेवटी एका दुपारी आम्हीच जवळ बसून चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, "आई, तक्रार असती तर तुम्हालाच सांगितली असती ना. मला असं वाटतंय हे मलाच माहीत नव्हतं. लिहिलं तेव्हा कळलं."

आजच्या पाठाचं सार या एका वाक्यात आहे. *वही ही तक्रारवही नव्हे. आपल्या मनात काय चाललंय ते आपल्याला कळावं, म्हणून वही.*

*हे काही नवीन खूळ नाही*

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," असं आपण म्हणतो. पण आपल्या आज्यांकडे जातं होतं. पहाटे जात्यावर बसून माहेर, सासर, लेकरू, दुखणं, देव, सगळं ओवीत घालून त्या मोकळ्या व्हायच्या. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी अशा ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. म्हणजे बायकांजवळ सांगायला किती होतं बघा! जातं गेलं, गिरणी आली. कष्ट वाचले हे चांगलंच झालं, पण बोलायची ती जागाही गेली.

आपल्या शेजारच्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी तर सर्वांना माहीत आहेत. लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी घरात, शेतात काम करता करता गाणी रचली. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ती कागदावर राहिली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली.

दुसऱ्या बहिणाबाई म्हणजे शिऊरच्या संत बहिणाबाई, सतराव्या शतकातल्या. तुकोबारायांना गुरू मानलं म्हणून घरातून विरोध झाला, मार खाल्ला. संसार सोडला नाही, मुलांची आई झाल्या, आणि स्वतःची जीवनकथा स्वतःच अभंगांतून सांगितली. अंतकाळी मुलगा विठोबा याला जवळ बसवून आपल्या पूर्वजन्मांची हकीकतही त्यांनी सांगितली. गुरुभक्ती, मातृपण आणि आत्मकथन एकाच बाईच्या आयुष्यात बसू शकतं, याचा हा दाखला.

आता आपल्या गावाकडे बघा. १७ जून १६३१ ला इथे बऱ्हाणपुरात मुमताज महल बाळंतपणात गेली. चौदावं मूल, मुलगी, गौहर आरा. तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात तिला आधी ठेवलं, मग काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. नवऱ्याचं दुःख सगळ्या जगाला माहीत आहे, संगमरवरात उभं आहे. पण चौदा बाळंतपणं तिला कशी गेली, ते तिच्या शब्दांत आपल्याला कुठे वाचायला मिळतं? राणीची ही गत, तर आपल्या घरातल्या लेकी-सुनांचं काय?

*लिहायचं कसं?*

१. छोटी वही घ्यावी, उशीखाली मावेल अशी. पेन वहीलाच बांधून ठेवावं, नाहीतर ते शोधण्यातच बाळ उठतं.

२. रोज तीनच ओळी. आज शरीर काय म्हणालं? आज मन काय म्हणालं? आज कशासाठी सद्गुरूंचे आभार मानावेसे वाटले? तिसरी ओळ सुचली नाही तर रिकामी सोडावी. ओढून-ताणून गोड लिहू नये. सद्गुरूंपासून काय लपवायचं?

३. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाची सुरुवातच लेखनक्रियेने केली आणि अक्षर सुंदर काढायला शिकवलं. ते ग्रंथासाठी. या वहीत अक्षर वाकडं, शुद्धलेखन चुकलं तरी चालेल.

४. आपल्या बऱ्याच मुली हिंदी शाळेत शिकल्या. "मला मराठी नीट लिहिता येत नाही" म्हणून थांबू नये. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, जसं घरात बोलतो तसंच लिहावं.

५. हात मोकळा नसेल तर मोबाईलवर बोलून ठेवावं. पाठवायचं कुणालाच नाही.

६. आठवड्यातून एकदा थोडी गंमत करावी. बाळाला पत्र लिहावं. किंवा बाळच आपल्याला पत्र लिहितंय असं समजून लिहावं. खोलीतली बाज, पाळणा, शेगडी रात्रभर काय बघतात ते त्यांच्या तोंडून सांगावं. स्वतःची एखादी ओवी जुळवावी. जे सरळ "मला" म्हणून लिहिता येत नाही, ते बाजेच्या तोंडून सहज निघतं.

लिहिताना रडू आलं तर घाबरू नये. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातलं दुखरं लिहायला सांगितलं होतं. लिहिल्यावर लगेच त्यांना थोडं जडच वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तो अभ्यास बाळंतिणींवर नव्हता, पण जखम धुताना आधी झोंबतं, हे आपल्यालाही माहीत आहे.

*घरच्यांसाठी तीन नियम*

हे खरं तर सासूबाई, नणंदा आणि नवरोबांसाठी आहे.

• वही वाचायची नाही. उघडी पडली असली तरी मिटून उशीखाली ठेवायची. आम्ही चुकलो, तुम्ही चुकू नका.
• "काय लिहिलंस?" असं विचारायचं नाही. "दे बाळाला इकडे, तू बस थोडी," एवढंच म्हणायचं. ती पंधरा मिनिटं हीसुद्धा सेवाच आहे.
• तिने होऊन काही वाचून दाखवलं तर मध्ये बोलायचं नाही, समजावायचं नाही, "आमच्या वेळी" सुरू करायचं नाही.

*हे मात्र लक्षात ठेवा*

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत उगाच रडू येणं, चिडचिड होणं पुष्कळ जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्याहून जास्त दिवस उदास वाटत असेल, बाळ झोपलं तरी हिला झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर ते आजारपण असू शकतं. तिथे वही पुरत नाही, नुसतं नामस्मरण कर म्हणूनही भागत नाही. डॉक्टरांना दाखवावं. स्वतःचं किंवा बाळाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, तर तिला एकटं सोडू नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस मोफत आहे. औषध घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं मुळीच नाही.

*या आठवड्याचा गृहपाठ*

ज्यांच्या घरी बाळंतीण आहे त्यांनी बाळंतविड्यात एक कोरी वही आणि पेन ठेवावं. ज्यांच्या घरी नाही, अशा आम्हा जुन्या आयांनी एक पान लिहावं, "माझं पहिलं बाळंतपण". पस्तीस वर्षांपूर्वीचं का असेना. आम्ही बसलो लिहायला. वाटलं होतं काही आठवणार नाही, आणि पान पुरलं नाही. ग्रुपवर टाकायची गरज नाही. स्वतःसाठीच आहे.

आमच्या सूनबाईंची वही आता तिसरी चालू आहे. आत काय आहे, आम्हाला माहीत नाही. पण परवा भाजी निवडताना म्हणाल्या, "आई, तुम्ही पहिल्यांदा आई झालात तेव्हा तुम्हाला कसं वाटलं होतं हो?" हे आम्हाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी भाजी निवडायला फार वेळ लागला.

सेवा श्रीगुरुचरणी अर्पण.
जय गुरुदेव 🙏